मिरची चालेल, ठेचा नको

‘पोपटाला मिरची द्यायची, म्हणजे तो बोलायला लागतो.’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. कधी आजीकडून, कधी शेजारच्या काकांकडून, कधी पक्षी विकणाऱ्या दुकानदाराकडून. मग ही पोपटपंची आपणही पुढे चालवतो. आता तर त्याचं रील बनतं. इवलासा बजी हिरवीगार मिरची कुरतडतोय आणि खाली कमेंट, ‘अरे, याला तिखट लागत नाही का?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर आहे, नाही लागत. पण या उत्तरावरून आपण जो पुढचा निष्कर्ष काढतो, तिथे घोळ होतो.

आधी मिरचीचं बघू. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या रसायनामुळे येतो. माणसाच्या जिभेवर आणि त्वचेवर एक रिसेप्टर असतो, तो उष्णता ओळखतो. कॅप्सेसिन त्यालाच चिकटतं आणि मेंदूला वाटतं, भाजलं! अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये हा रिसेप्टर शोधला. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं, त्यामागे हे काम होतं. त्यांच्याच प्रयोगशाळेने २००२ मध्ये दाखवलं, की कोंबडीतला हाच रिसेप्टर कॅप्सेसिनला जवळजवळ दादच देत नाही. म्हणजे पक्षी तिखट ‘सहन’ करत नाहीत, त्यांना ते जाणवतच नाही.

यात मिरचीचाही फायदा आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आली. तिकडच्या रानात उंदरासारखे प्राणी बिया चावून संपवतात, पण फळं खाणारे अनेक पक्षी त्या आख्ख्या गिळतात आणि लांब नेऊन टाकतात. तिखटपणा उंदरांना हाकलतो, पक्ष्यांना नाही. ॲरिझोनातल्या रानमिरचीवरचा असा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. (पोपट मात्र बी फोडून खातो, त्यामुळे मिरचीच्या दृष्टीने तो फुकट्या पाहुणा!)

थोडक्यात, ताजी, स्वच्छ धुतलेली मिरचीची फोड पोपटाला बिनधास्त द्या. लाल पिकलेली असेल तर आणखी छान. नुसत्या बियांवर वाढवलेल्या पोपटांत ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते आणि ते बनवायला लागणारे घटक लाल मिरचीत भरपूर असतात. मात्र तिच्यामुळे तो बोलत वगैरे नाही. पोपट बोलतो तो ऐकून ऐकून, तुमच्या सोबतीमुळे.

आता घोळाकडे. ‘मिरची खातो, म्हणजे मसाला चालतो. मसाला चालतो, म्हणजे मिसळीचा पाव रश्शात बुडवून दिला तरी चालेल. बघ ना, आवडीने खातोय!’ या साखळीतली पहिलीच कडी कच्ची आहे. मिरची चालते ती एका रिसेप्टरच्या कृपेने. ती कृपा मीठ, लसूण किंवा जायफळ यांना लागू नाही. आणि ‘आवडीने खातो’ हा तर पुरावाच नव्हे. पोपट चॉकलेटही आवडीने खाईल, आणि चॉकलेट त्याच्यासाठी विष आहे.

आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ठेचा. त्यात मिरची असतेच, पण लसूण आणि मीठही असतं. कांदा-लसूण मसाल्याचं तर नावच पुरेसं बोलकं आहे. कांदा आणि लसणातली गंधकयुक्त संयुगं पक्ष्यांच्या लाल रक्तपेशी फोडू शकतात, त्यातून रक्तक्षय होतो. वाळवून केलेल्या पावडरीत तीच संयुगं आणखी एकवटलेली असतात. मिठाचा हिशेब तर साध्या गणिताचा आहे. बजीचं वजन असतं साधारण ३० ग्रॅम. चिमूटभर मीठ पाव ग्रॅम धरलं, तर ६० किलोच्या माणसाने एका बैठकीत अर्धा किलो मीठ खाण्यासारखं ते झालं. ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणताना ते एवढंसं नक्की कुणासाठी, हे तपासायला हवं.

मिसळणाचा डबाच उघडू या. मोहरी-जिऱ्याचे दोन-चार दाणे चोचीत गेले तर घाबरायचं कारण नाही, पण मुद्दाम द्यायची गरजही नाही. कोथिंबिरीची ताजी काडी आणि आल्याचा बारीकसा तुकडा चालतो. हळद आणि लाल तिखट यांत प्रश्न भेसळीचा. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार उघडकीला आलेले आहेत आणि पोपटांना शिशाची विषबाधा लवकर होते. शिवाय बारीक पूड श्वासावाटे आत जाते, म्हणून दालचिनीचीही पूड नको. बाजारातला हिंग शुद्ध क्वचितच असतो, पीठ आणि डिंक घालून तो बनवलेला असतो. तो टाळलेलाच बरा. जायफळ तर नाहीच. आणि मसाल्याच्या डब्यात नसला, तरी हल्ली टोस्टवर हमखास दिसणारा ॲव्होकाडो पोपटाचा जीव घेऊ शकतो.

पण आमच्या मते, वाटीतल्या मसाल्याइतकाच कढईतला मसाला धोक्याचा आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पक्ष्याच्या फुफ्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे प्रत्येक श्वासातून तो आपल्यापेक्षा कितीतरी कार्यक्षमतेने हवा शोषतो, आणि हवेतलं विषही. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत, ते याचमुळे. मिरचीच्या फोडणीने आपल्याला ठसका लागतो, तेव्हा ओट्याशेजारी टांगलेल्या पिंजऱ्यात काय होत असेल? त्याहून वाईट म्हणजे नॉनस्टिक तवा. तो रिकामा तापत राहिला, तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूने शेजारच्या खोलीतला पक्षीही काही मिनिटांत मरू शकतो. वन रूम किचनमध्ये चौघं मिळून राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. पिंजरा स्वयंपाकाच्या जागेपासून लांब हवा, जागाच नसेल तर पक्षी पाळण्याचा विचार पुढे ढकला.

आता एक अडचणीचा प्रश्न. तुमच्या घरातला मिठू कोण आहे? हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला आपला देशी पोपट असेल, तर त्याला काय खायला घालायचं याआधीचा मुद्दा असा, की त्याला पाळणंच बेकायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलंय. ‘आमच्याकडे आजोबांपासून आहे’ हे कायद्यापुढे चालत नाही. बजी (ज्याला बाजारात सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात), कॉकाटील हे परदेशी वंशाचे पक्षी पाळता येतात. देशी पोपट घरात असेल, तर भावनेच्या भरात खिडकीतून सोडूनही देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला बाहेर जगता येईलच असं नाही. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर बोला.

पक्षी आजार लपवतात. रानात कमजोर दिसला तो संपला, म्हणून ही सवय. त्यामुळे पोपट अंग फुगवून गप्प बसला, पिंजऱ्याच्या तळाशी उतरला, श्वासाबरोबर त्याची शेपटी वर-खाली व्हायला लागली किंवा विष्ठेचा रंग बदलला, की ‘उद्या बघू’ म्हणू नका. काय खाल्लं, किती, कधी, हे लिहून घेऊन थेट डॉक्टर गाठा. घरगुती काढे नकोत. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर सहज सापडतात, पक्ष्यांचे जाणकार कमी. म्हणून त्यांचा नंबर आजच शोधून मोबाईलमध्ये ठेवा.

खाऊ देण्यामागे प्रेमच असतं, यात वाद नाही. आपल्या ताटातलं दुसऱ्याला देणं ही आपली प्रेम दाखवायची जुनी रीत आहे. पण कॉलेजात दोन ओळींच्या उत्तरालाही कारण लिहायला लावतात, मग घरातल्या ३० ग्रॅमच्या जिवाबद्दल ‘खातो की’ एवढंच कारण कसं पुरेल? पुढच्या वेळी पोपट ताटाकडे झेपावेल तेव्हा या पदार्थात आणखी काय काय पडलंय, ते विचारा. उत्तर नक्की माहीत नसेल, तर ताट बाजूला घ्या आणि त्याला साध्या मिरचीची एक फोड द्या. तो खूश होईल. त्यातली अर्धी तुमच्या अंगावर उडवेल, तेवढं डोळ्यांना सांभाळा.