फुटलेली बरणी

परवा सकाळी आमच्या घरी लोणच्याची चिनीमातीची बरणी फुटली. बरणी सासूबाईंच्या काळातली, हे खरे. पण तिच्यावरून मी जो गहजब केला, तो ऐकून शेजारच्या वहिनी कुणी पडले की काय म्हणून धावत आल्या. धाकटा मूठ मिटून कोपऱ्यात उभा होता. अर्ध्या तासाने त्याच्या सदऱ्यावर रक्ताचा डाग दिसला, तेव्हा उलगडा झाला. बरणीची कपची तळव्यात रुतली होती, वर मीठ-मोहरीचा खार. आणि हे मला सांगण्याचे धैर्य त्याला झाले नव्हते!

अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या अवस्थेचे विवरण आहे. भय वा क्रोध उत्पन्न होताच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात मिसळते. हृदय जलद चालू लागते, यकृतातील साखर रक्तात उतरते, पचन मंदावते. ही सारी सिद्धता लढण्याची किंवा पळण्याची. समोर वाघ असता ती उपयोगी खरीच. पण बरणीशी कुणी लढावे? वाघ आणि बरणी यांतील भेद शरीराला आपणच समजावून द्यावा लागतो. मला त्यास अर्धा तास लागला.

जखम धुऊन पट्टी बांधीत असता त्याने हळूच विचारले, "आई, लोणचे सगळेच टाकावे लागेल का ग?"

"सगळेच," मी म्हटले, "तू आधी हात सरळ धर पाहू."