साखरेचा आकडा आणि अंगातलं लोह

मैत्रिणींनो, साखरेचा रिपोर्ट हाती आला की आपण आधी आकडा बघतो. तो वाढलेला दिसला की लगेच गोड बंद, भात बंद! पण आपलं हिमोग्लोबिन किती आहे, हे किती जणी बघतात? हे दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचायला हवेत. का ते सांगते.

‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून जी तपासणी करतात, ती एचबीएवनसी. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते. ती किती चिकटली, हे ही तपासणी टक्क्यांत सांगते. ६.५ किंवा त्याहून जास्त आकडा मधुमेहाचा धरतात. तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस. लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी तयार होतात आणि जुन्यांचाच भरणा राहतो. लोणच्याची फोड जितकी जुनी तितकी मुरलेली, तसंच हे! म्हणून साखर तेवढी वाढलेली नसतानाही आकडा वर सरकू शकतो.

तेवढ्यावरून औषध वाढलं, तर साखर फार उतरून घाम, थरथर, चक्कर असे प्रकार होतात. उलट लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, की ताज्या पेशी येऊन आकडा खाली येतो. तेव्हा ‘पथ्य लागू पडलं’ म्हणून मधुमेहाची गोळी सोडणं धोक्याचं.

हे आपल्यापैकी पुष्कळ जणींना लागू आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त जणींना रक्तक्षय आढळला होता.

मग करायचं काय? पाळीत रक्त जास्त जातं का, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, नुकतंच रक्त चढवलंय का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासायचं का, तेही विचारा. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर पाहून घ्या. तिथे रक्तातली साखरच थेट मोजतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, आणि पालेभाजीवर लिंबू पिळायला विसरू नका.

एक मात्र ध्यानात असू द्या. लोह कमी निघालं म्हणजे मधुमेह नाहीच, असं समजू नका. दोन्ही एकदम असू शकतात. गोळी वाढवायची की कमी करायची, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. फक्त पुढच्या खेपेला जाताना फाइलीत हिमोग्लोबिनचा कागदही आठवणीने घाला.