तप आणि आजार यांतील अंतर

पर्युषणात अठ्ठाई पूर्ण करणाऱ्या मुलीचे पारणे घरोघरी कौतुकाने साजरे होते. आप्तेष्ट अनुमोदनेला येतात, आणि चार दिवसांत मुलगी पूर्ववत जेवूही लागते. क्वचित एखाद्या घरी मात्र पारणे खऱ्या अर्थाने होतच नाही. आज आयंबिल, उद्या एकासणे, परवा ‘भूकच नाही’. तिथी संपल्या तरी ताट टाळणे संपत नाही. नातीला धर्माची गोडी लागली, असे आजीला वाटते. नात मात्र वारंवार वजनकाट्यावर चढते, सैल कपडे घालते, सर्वांसाठी हौसेने मिठाई बनवते आणि स्वतः कणही चाखत नाही.

या आजाराला ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ म्हणतात. 1873 च्या सुमारास लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी त्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले. नावाचा अर्थ ‘भूक नसणे’ असा असला तरी तो दिशाभूल करणारा आहे. भूक असते, तिच्यापेक्षा वजन वाढण्याचे भय मोठे असते. तपस्वी पारण्याची शांतपणे वाट पाहतो, रुग्णाला पारण्याचीच धास्ती वाटते. मुलगेही यातून सुटत नाहीत, त्यांच्याकडे लक्ष उशिरा जाते इतकेच.

उपासमार मनालाही कसे बदलते, हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये दिसले. अॅन्सेल कीज यांच्या प्रयोगात 36 निरोगी तरुणांनी स्वेच्छेने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहणे पत्करले. ते चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले. काहीजण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. तेव्हा मुलीचा हट्ट हा सर्वस्वी तिचा स्वभाव नसतो, त्यात उपाशी मेंदूचाही वाटा असतो. ‘समजावून सांगितले तरी ऐकत नाही’ या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा येथेच सापडते.

म्हणूनच या आजारात पहिले औषध अन्न होय. भूक वाढवणारी चूर्णे, आसवे वा काढे यांवर महिने दवडणे धोक्याचे आहे. चक्कर, थंड हातपाय, मंद नाडी, बंद झालेली पाळी, अंगावर येणारी बारीक लव ही लक्षणे दिसताच डॉक्टर गाठावा, मानसोपचारतज्ज्ञही हवाच. फार खंगलेल्या रुग्णाला एकदम भरपूर खाऊ घालणेही घातक ठरू शकते, कारण रक्तातील फॉस्फेट झपाट्याने घसरून हृदयावर ताण येतो. प्रारंभीचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा.

पुढचे काम घराचे. लंडनच्या मॉडस्ले रुग्णालयात विकसित झालेल्या कुटुंबाधारित उपचारात काय आणि किती खायचे हे काही काळ आईवडील ठरवतात. प्रकृती सुधारते तशी ती सूत्रे मुलीकडे परत जातात. तीन जेवणे आणि मधली दोन-तीन खाणी ठरल्या वेळी, कोणीतरी सोबत बसून. तूप घातलेली खिचडी, पनीर, डाळ, दूध, काजू-बदाम यांतून जैन आहाराच्या मर्यादेतही पुरेसे पोषण साधते. वडिलांनी दुकानातून एका जेवणापुरते घरी यावे. त्याचा उपयोग कोणत्याही चूर्णाहून अधिक. जेवणानंतरचा तास कठीण जातो, तेव्हा विणकाम, पत्ते किंवा गप्पा असाव्यात. वजनकाटा नजरेआड ठेवावा. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत धावणे व सूर्यनमस्कार बंद. आणि ‘आता भरलीस बरं’ हे पाहुण्यांचे कौतुकही नको. रुग्णाच्या कानी ते ‘जाड झालीस’ असेच पडते.

राहिला प्रश्न व्रताचा. पच्चक्खाणातच आगार ठेवलेले आहेत, आणि समाधी राखण्यासाठी आजारात औषध घेण्याची सवलत त्यांत आहे. चौविहार पाळणाऱ्या घरी रात्रीचे दीर्घ अंतर रुग्णाला पेलेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. बाह्य तपांइतकीच सहा आभ्यंतर तपे आहेत. स्वाध्याय आणि ध्यान मुलीला करता येते, आणि तिच्या ताटाजवळ रोज बसणाऱ्या आईचे ते वैयावृत्त्यच. चातुर्मासापूर्वी पालकांनी उपाश्रयात जाऊन महाराजसाहेबांना मुलीची प्रकृती खाजगीत सांगून ठेवावी, म्हणजे तिने उपवासाचे पच्चक्खाण मागितले तर तेच तिला प्रेमाने थांबवतील.