श्वासपरीक्षा : नाक्यावर की दारात?

पुण्यातील कल्याणीनगर भागात १९ मे २०२४ रोजी उत्तररात्री एका भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण संगणक अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालविणारा अल्पवयीन होता. त्याला मद्य दिल्याच्या आरोपावरून मद्यालयाच्या चालकांना आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. जामिनासाठी घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर लोकक्षोभ उसळला आणि तो रास्तच होता. परंतु त्या कोलाहलात एक साधा प्रश्न मागे पडला. मद्यालयातून बाहेर पडून मोटारीची किल्ली हाती घेणाऱ्याला तेथेच अडविण्याची काही व्यवस्था आपण केली आहे काय?

कायदा नाही असे नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा हजार रुपयांपर्यंत नेला, आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहेच. मुंबईत २००७ पासून पोलिसांनी नाक्यानाक्यावर श्वासतपासणीची मोहीम उघडली. तथापि ही सारी व्यवस्था चाके फिरू लागल्यानंतरची आहे. शिवाय रक्तातील मद्यार्क ताशी सुमारे १५ मिलिग्रॅमने घटत जातो. म्हणजे तपासणीस सात-आठ तासांचा विलंब झाला, की पुरावा आपोआप विरून जातो.

ब्रिटनचा अनुभव या संदर्भात बोधप्रद आहे. तेथे वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांनी मद्यविक्रेत्यांचा विरोध पत्करून ऑक्टोबर १९६७ मध्ये रस्त्यावरील श्वासपरीक्षा सुरू केली. पहिल्याच वर्षी अपघाती मृत्यू हजाराहून अधिकांनी घटले. पुढे मात्र पकडले जाण्याचा संभव फारसा नाही हे वाहनचालकांनी ओळखले आणि कायद्याचा धाक ओसरत गेला. तात्पर्य, शिक्षेच्या कठोरतेपेक्षा परीक्षेच्या निश्चितीला अधिक महत्त्व आहे. प्रत्येक रस्त्यावर पोलीस उभा करता येत नाही, परंतु प्रत्येक मद्यालयाला दार असतेच.

त्या दारात श्वासपरीक्षेचे यंत्र ठेवणे ही परवान्याची अट व्हावी. यावर एक आक्षेप संभवतो व तो गंभीर आहे. यंत्राने २८ चा आकडा दाखविला, की ग्राहक त्यालाच वाहन हाकण्याचा परवाना समजेल. वस्तुतः अखेरच्या पेल्यानंतरही काही काळ रक्तातील मद्यार्क वाढतच राहू शकतो. दारातला २८ चा आकडा अर्ध्या तासाने रस्त्यावर ३५ होऊ शकेल. म्हणून यंत्राने केवळ नकार द्यावा, संमती कधीच देऊ नये. 'तुम्ही मर्यादेत आहात' असे नव्हे, तर 'प्यायला आहात, किल्ली ठेवून जा' एवढेच त्याने सांगावे. किल्ली ठेवून घेण्याची आणि पर्यायी चालक वा टॅक्सी मिळवून देण्याची सोय त्याला जोडलेली नसेल, तर यंत्र भिंतीवरची शोभाच ठरेल.

'आमचे नोकर पोलीस नव्हेत' असे मालक म्हणतील. ते खरे आहे. पण महाराष्ट्रात मद्यविक्री हा मूलभूत हक्क नसून १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मिळणारी सवलत आहे. ग्राहकाचे वय पाहण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकताना कायदा त्याला पोलीस मानत नाही. मग ग्राहकाची अवस्था पाहण्याची जबाबदारी त्याला जाचक का वाटावी? मद्यावरील करातून आपला वाटा शासन चोख वसूल करते. त्याच दारातून बाहेर पडणाऱ्या धोक्याचा वाटाही शासनाने आणि विक्रेत्याने उचलला पाहिजे. आज तो सारा भार रस्त्यावरून घरी निघालेल्या, मद्याचा थेंबही न घेतलेल्या पांथस्थावर पडत आहे.