बाहेरच्या माणसाला आत घ्या, पण तारीख घालून

महाडच्या औद्योगिक वसाहतीत एक वाक्य शहाणपण म्हणून खपतं: ‘कंपनीच्या ग्रुपवर बाहेरचा माणूस नको.’ ठेकेदाराच्या सुपरवायझरने ग्रुपमध्ये घ्या म्हणून रिक्वेस्ट पाठवली की ती ॲडमिनच्या फोनमध्ये पडून राहते. कुणी नाही म्हणत नाही, कुणी हो म्हणत नाही. आठवडा जातो, शटडाऊनचं काम उरकतं, ठेकेदाराची माणसं निघून जातात आणि रिक्वेस्ट तिथेच असते. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: गोपनीयता. हे उत्तर मला मान्य नाही. त्याच्या उलट टोकाला ‘घ्या सगळ्यांना, लपवायचंय काय?’ असं म्हणणारेही आहेत. त्यांचंही मला पटत नाही. मात्र पहिल्यांना आधी उत्तर देणं भाग आहे, कारण कारखान्यात चलती त्यांची आहे.

गोपनीयतेच्या मुद्द्यात तथ्य नाही असं कुणी म्हणणार नाही. रसायनाच्या कारखान्यात प्रक्रियेचा तपशील, गिऱ्हाइकांची नावं, दर हे सगळं जपावंच लागतं. पण ठेकेदाराच्या सुपरवायझरने यातलं मागितलंय काय? त्याला हवं असतं ते एवढंच: आज कुठली लाईन उघडायची आहे, तिच्यात आधी काय होतं, ती धुऊन रिकामी केली का, वेल्डिंगसारख्या हॉट वर्कचं परमिट निघालं की थांबलं, दुपारी वारा कुठल्या बाजूला आहे. ही माहिती ज्या ग्रुपवर पडते तिथे साहेब असतात, शिफ्ट इनचार्ज असतात, स्टोअरवाले असतात. पाना हातात घेऊन फ्लँज उघडणारा माणूस मात्र नसतो. त्याला निरोप कळतो तो तोंडी, दोनतीन माणसांच्या हातून, आणि तेवढ्यात काही गळून गेलेलं असतं.

कायद्यानेही या माणसाला कधी बाहेरचा म्हटलेलं नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातली ‘कामगार’ची व्याख्या ठेकेदारामार्फत आलेल्याला धरूनच होती. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये त्या अधिनियमात धोकादायक प्रक्रियांसाठी नवं प्रकरण घातलं गेलं. धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि कारखान्याच्या आसपास राहणाऱ्या लोकांनाही देणं व्यवस्थापनावर बंधनकारक झालं. म्हणजे शेजारच्या बिरवाडीत राहणाऱ्या, कारखान्यात कधीही पाऊल न टाकलेल्या माणसालाही जी माहिती मिळायला हवी असं संसदेने ठरवलं, ती आतल्याच टाकीवर चढलेल्या कंत्राटी वेल्डरला ‘बाहेरचा’ म्हणून द्यायची नाही, असा हा व्यवहार आहे.

३ नोव्हेंबर २०२३ रोजी याच वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि अकरा कामगार गेले. त्या दुर्घटनेचं खापर कुठल्याही ग्रुपवर किंवा ॲडमिनवर फोडण्याचा माझा हेतू नाही. तसं करणं चूक ठरेल. पण ज्या गावाने हे पाहिलं, त्या गावात ‘आत्ता आत कोण आहे आणि त्याच्यापर्यंत निरोप जातो का’ हा प्रश्न बारीकसारीक कारकुनी म्हणून सोडून देता येत नाही.

आणि ज्या गुपितांसाठी हे दार लावलंय ती तरी सुरक्षित आहेत का? आपापल्या कारखान्याच्या ग्रुपची यादी वरपासून खालपर्यंत वाचून पाहावी. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून दहेजला गेलेला प्रॉडक्शनचा माणूस त्यात सापडेल. लोट्याच्या स्पर्धक कंपनीत गेलेला सापडेल. कधीकाळी पंप विकायला आलेला प्रतिनिधीही सापडेल. काही ठिकाणी तर नोकरी सोडून गेलेला माणूसच अजून ॲडमिन असतो, कारण ग्रुप त्याने काढला होता. तो आपण होऊन निघत नाही आणि त्याला काढणं संकोचाचं वाटतं. ज्याला निरोपाची गरज आहे तो दाराबाहेर आणि ज्याला अधिकार उरलेला नाही तो आत, याला गोपनीयता म्हणता येणार नाही.

ॲडमिनची भीती वेगळी असते, ती समजून घ्यायला हवी. ‘उद्या त्या पोराने ग्रुपवर काहीतरी वेडंवाकडं टाकलं तर पोलीस माझ्या दारात येतील.’ ही भीती गावोगावी आहे. पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतल्या मुंबईकर मंडळांच्या ग्रुपवरही ती ऐकू येते. तिचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी देऊन ठेवलंय. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं होतं. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनवर गुन्हा नोंदवलेला होता. समान हेतू किंवा आधीच ठरवलेला बेत नसेल, तर सदस्याच्या लिहिण्याबद्दल ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं म्हणून न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. तेव्हा पोलिसांचं नाव पुढे करून रिक्वेस्ट दाबून ठेवण्याचं कारण उरत नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे. सगळ्यांना घ्या म्हणणाऱ्यांच्या मनात माणुसकी आहे आणि त्यांच्याजवळ अनुभवही आहे. जुलै २०२१ मध्ये महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तळिये गाव दरडीखाली गेलं, पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळ्यात दरडी कोसळल्या. त्या दिवसांत ज्याच्या हाती लिंक आली तो ग्रुपमध्ये आला आणि त्यातूनच होड्या, औषधं, जेवण पोचलं. अशा वेळी परवानगी विचारत बसणारा माणूस मलाही नको. पण संकटातला दोनचार दिवसांचा रिवाज वर्षभराच्या कामाला लावला की घोटाळा होतो. व्हॉट्सॲपची लिंक आपण रीसेट करीपर्यंत चालूच राहते आणि पुढे पाठवत गेली की कुणाच्या हाती पडेल याचा भरवसा नसतो. दर पावसाळ्यात सावित्री नदीच्या पातळीचे आकडे अशा ग्रुपवर फिरतात. महाडला धोक्याची पातळी ६.५० मीटर. पण फिरणारा आकडा आजचा की गेल्या वर्षीचा, तो टाकणारा कोण, हे चारपाचशे जणांच्या उघड्या ग्रुपमध्ये कुणालाच सांगता येत नाही. मग खरा इशाराही लोक वाचून सोडून देतात.

याहून गंभीर गोष्ट बायकांची आहे. पॅकिंगला, कँटीनला, साफसफाईला आसपासच्या गावांतून बायका येतात. साध्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर प्रत्येकाला दिसतो. त्यात महिन्यागणिक बदलणारे ट्रकवाले, पेंटर, मजूर असे सगळे भरले की त्या बाईला नको त्या वेळी फोन यायला लागतात. ती तक्रार करत नाही, गुपचूप ग्रुप सोडते आणि उद्याच्या वायुगळतीचा निरोप तिला पोचत नाही. सताड उघड्या दाराने शेवटी तिलाच बाहेर काढलं. ‘लपवायचंय काय?’ असं विचारणाऱ्यांनी हा प्रश्न एकदा तिला विचारावा.

दोन्ही बाजू भांडतात त्या आत कोण आणि बाहेर कोण यावर. माझं म्हणणं असं की प्रवेश माणसाच्या हुद्द्याला द्यायचा नसतो, त्याच्या कामाला द्यायचा असतो, आणि काम संपलं की तो संपला पाहिजे. कारखान्याला हे नवीन नाही. ठेकेदाराचा माणूस गेटवर आला की त्याचा गेटपास निघतो. त्यावर नाव असतं, ठेकेदार असतो, विभाग असतो आणि मुदतीची तारीख असते. तारीख उलटली की वॉचमन आत सोडत नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. जी शिस्त लोखंडी गेटवर आपण इतकी वर्षं पाळतो ती फोनमध्ये शिरताना कुठे जाते?

साधनं त्यासाठी तयार आहेत. स्लॅक या ॲपच्या पैसे भरून घेतलेल्या योजनेत पाहुण्याला एकाच चॅनेलपुरतं किंवा ठरावीक चॅनेलांपुरतं घेता येतं आणि तो कुठल्या दिवशी आपोआप बाद व्हावा हेही आधीच ठरवता येतं. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये फेब्रुवारी २०२१ पासून गेस्टचा प्रवेश मुळातच चालू ठेवलेला असतो. पाहुण्याच्या नावापुढे तो गेस्ट असल्याची खूण दिसते आणि आलेल्या रिक्वेस्ट टीमच्या मालकाला एका जागी दिसतात. म्हणजे ‘आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तसं होत नाही’ हे बहुतेक वेळा खरं नसतं. तसं करायला कुणाला नेमलेलं नसतं, हे खरं.

छोट्या कारखानदाराचा आक्षेप रास्त आहे: पैसे भरून हे सगळं घेणार कोण? त्याने व्हॉट्सॲपवरच राहावं. तिथेही नव्या सदस्याला ॲडमिनच्या मंजुरीशिवाय प्रवेश नाही असं ठरवता येतं, लिंक बदलता येते, आणि कम्युनिटी काढली तर तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. बायकांचा प्रश्न तेवढ्याने बराचसा सुटतो. सदस्याला मुदत घालण्याची सोय मात्र तिथे नाही, म्हणून सुरक्षा विभागाने एक वही ठेवावी: कोण आला, कुणाच्या सांगण्यावरून, कधीपर्यंत. गेटपासच्या रजिस्टरलाच एक रकाना वाढवला तरी चालेल. पास परत घेताना त्याच हाताने नाव काढायचं.

ॲडमिन दोन हवेत, वेगवेगळ्या शिफ्टचे. एकच असला की तो झोपलेला असताना दार बंद, आणि तो नोकरी सोडून गेला की दार कायमचं त्याच्या खिशात. सगळेच ॲडमिन असले तर जबाबदार कुणीच नाही. आलेल्या रिक्वेस्टचं उत्तर त्याच शिफ्टमध्ये गेलं पाहिजे. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, कारण सांगा, आणि निरोप दुसऱ्या कुठल्या वाटेने मिळेल तेही सांगा. मौन हे सगळ्यांत वाईट उत्तर आहे, कारण समोरचा त्याच्या भरवशावर थांबून राहतो. आणि ग्रुपवरचे सुरक्षेचे निरोप मराठीत आणि हिंदीत जावेत. उत्तर प्रदेश, बिहारकडून आलेल्या मजुराला आत घेऊन इंग्रजी फॉरवर्ड वाचायला लावणं हा प्रवेश नव्हे.

कुणी म्हणेल, टॉवर पडला, वीज गेली की तुमचे ग्रुप काय कामाचे? खरं आहे. २०२१ च्या पुरात काही काळ फोन बंद पडले होते. भोंगा, मेगाफोन, जमण्याची जागा आणि हजेरीचा कागद यांना पर्याय नाही आणि मी तो सुचवतही नाही. पण टॉवर चालू असलेल्या बाकीच्या दिवसांत रोजचं परमिट, रोजची सूचना ज्या वाटेने जाते, ती वाट नीट ठेवायला हे कारण आड येत नाही.

महाड वसाहतीतल्या सुरक्षा अधिकाऱ्यांना आणि एचआर विभागांना माझी विनंती आहे. पुढचा शटडाऊन सुरू होण्याआधी एक दुपार काढा. ग्रुपची यादी उघडा, सोडून गेलेल्यांची नावं काढा, जुनी लिंक रीसेट करा, दोन ॲडमिन नेमा आणि त्यांची नावं गेटवरच्या फलकावर लिहा. मग पडून असलेल्या रिक्वेस्ट एकेक करून उघडा आणि प्रत्येकीला उत्तर द्या.