लांब इंग्रजी शब्द व आघात

धायरीकडील मराठी शाळांतून इंग्रजी वर्गांत आलेल्या कित्येक विद्यार्थ्यांस ‘रिस्पॉन्सिबिलिटी’सारखा शब्द दिसतांच घाम फुटतो. एकदां वर्गांत हंशा पिकला कीं मुलगा पुन्हां तोंड उघडीत नाहीं. आमच्या मतें हा दोष बुद्धीचा नसून पद्धतीचा आहे. श्लोकाचे लघु-गुरु पाडणाऱ्यास ‘रि-स्पॉन्-सि-बिल्-इ-टी’ हे सहा तुकडे मुळींच अवघड नाहींत. मात्र मराठींत आघातानें सहसा अर्थ बदलत नाहीं; इंग्रजींत आघात हाच शब्दाचा प्राण होय. शेवटीं ‘इटी’ असल्यास जोर तिच्या लगतच्या मागील तुकड्यावर, येथें ‘बिल्’वर, पडतो. ‘फोटोग्राफ’मध्यें तो पहिल्यावर, तर ‘फोटोग्राफर’मध्यें दुसऱ्यावर असतो. शिक्षकांनीं हंशा थांबवून तुकड्यागणिक टाळी वाजवावयास लावावी. जोराच्या तुकड्यास मोठी. कान तयार झाला कीं जीभ आपोआप वळेल.