बापाचा रकाना

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जातीचा रकाना जेमतेम दोन बोटं रुंद असतो. नोकरीची सगळी वर्षं मी गडचिरोली जिल्ह्यात तो भरत आले; काही वर्षं आश्रमशाळेत, बाकीची जिल्हा परिषदेच्या शाळांत. जून उजाडला की पालक पोरं घेऊन यायचे. नाव, बापाचं नाव, आडनाव, जात, जन्मतारीख. तारीख माहीत नसली की एक जुलै. पोराचं लक्ष खिचडीच्या पातेल्याकडे आणि बापाचं माझ्या पेनाकडे. तेव्हा लिहिलेला तो एक शब्द वीस वर्षांनी व्हॅलिडिटीच्या, म्हणजे जात-पडताळणीच्या, फाइलमध्ये पुरावा म्हणून लागतो, हे पालकांना ठाऊक नसतं. आम्हा शिक्षकांना असतं. म्हणूनच सांगते, तो रकाना म्हणायला जातीचा, प्रत्यक्षात बापाचा.

आई-बाप दोघंही गोंड असले किंवा दोघंही कुणबी, तर प्रश्नच येत नाही. पण गडचिरोली आणि चंद्रपूर हे आपले दोन जिल्हे एकजिनसी होते कधी? सिरोंच्याला तेलुगू, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, चामोर्शी-मूलचेऱ्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची साठच्या दशकापासूनची बंगाली गावं. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला आणि चंद्रपूरच्या कोळसा खाणींना देशभरची माणसं आली. आता सूरजागडच्या लोहखनिजामागून ट्रकवाले येताहेत. शिवाय बांबूचे ठेकेदार, तेंदूपत्त्याचे मुन्शी, वनरक्षक, नर्स, मास्तर, बंदोबस्ताचे जवान. इतकी माणसं एका रानात राहणार म्हटल्यावर लग्नं होणार, प्रेमं होणार, फसवणुकीही होणार. त्यातून जन्मलेली मुलं प्रत्येक शाळेत आहेत.

त्यांना मिळणारी वागणूक मात्र सारखी नाही. बाप कोण, यावर ती ठरते. एका गावात पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेल्या एका अधिकाऱ्यानं तिथल्याच गोंड मुलीशी लग्न केलं. त्यांचा मुलगा शाळेत आला तेव्हा शिपायापासून सरपंचापर्यंत सगळ्यांनी त्याचे गाल ओढले. किती गोरा, किती गोड, साहेबांवर गेलाय. आईवर काय गेलंय, हे कुणी शोधलं नाही. त्याच वर्गात दुसरा एक मुलगा होता. त्याचा बाप नदीपलीकडचा, हंगामापुरता आलेला मुन्शी. पानं संपली, पोती ट्रकवर चढली, माणूस गेला तो गेलाच. या मुलाची आई आणि त्या साहेबीणबाई एकाच टोल्यातल्या, नात्यातल्याही. पण याच्याबद्दल गावात एकच वाक्य: ‘बापाचा पत्ता नाही.’ ते वाक्य मी त्याच्या देखत, मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे.

पैनगंगेपलीकडे यवतमाळच्या झरी जामणी तालुक्यात अशाच टाकून दिलेल्या कोलाम आणि गोंड मुलींचा प्रश्न ‘कुमारी माता’ या नावानं वर्तमानपत्रांत अनेकदा आला. तसं काही आपल्याकडे नाही, असं चंद्रपूरच्या कोरपना-जिवतीकडच्या कुणी म्हणू नये. मला त्या शब्दाचाही राग येतो. बातमी आईवर होते, योजना आईसाठी निघते, शिलाई मशीन आईला मिळतं. पळून गेलेल्या बापाला मात्र काही नावच नाही.

आता माझ्या घरचं. मी गोंड. माझी मुलगी आरोग्य खात्यात आहे. तिनं मूलचेरा तालुक्यातल्या बंगाली मुलाशी लग्न केलं, आमच्या संमतीनं. जावई चांगला आहे. तळ्यात मासे पाळतो, धान करतो, सासूला ‘मां’ म्हणतो. नात आता बारावीला आहे. तिचं बालपण माझ्याकडे गेलं, कारण मुलीची नेमणूक आडगावी होती. ती माझ्याशी गोंडी बोलते, तिकडच्या आजीशी बंगाली, मैत्रिणींशी मराठी. मोहफुलं वेचायला आली तर माझ्याआधी टोपली भरते. दुर्गापूजेला तिकडे जाते आणि महाशिवरात्रीला माझ्याबरोबर मार्कंड्याच्या जत्रेत असते. तिला काही अडचण नाही. अडचण बाकीच्यांना आहे. बसमध्ये भेटलेली बाईसुद्धा विचारते, ‘बाई, नात कोनाची जी? बंगाल्याची व्हय ना?’ आणि तिकडच्या गावात एखादी म्हातारी सुनेच्या माघारी तिला ‘आदिवासी’ म्हणते. जे माझ्या घरात अभिमानानं उच्चारलं जातं, तेच तिथे आवाज खाली करून म्हणतात.

गंमत पाहा. जावयाचे लोक नमःशूद्र. पश्चिम बंगालात ते अनुसूचित जातीत मोडतात, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. इथे जन्मलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचीही हीच गत. म्हणजे बापाच्या बाजूनं नातीला कागदावर काही नाही आणि आईच्या बाजूनं मागायला जावं, तर कार्यालयात पहिला प्रश्न: वडिलांच्या शाळेचा दाखला? आजोबांचा? वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कुणाची व्हॅलिडिटी? वंशावळीच्या नमुन्यात आईला जागाच नाही. माझा स्वतःचा दाखला, माझ्या वडिलांची १९५० आधीची नोंद, मुलीची व्हॅलिडिटी, सगळं पुढे ठेवलं. समोरचे बाबू म्हणाले, ‘मॅडम, हे सगळं तुमचं झालं. मुलीचं दाखवा.’

उलटं असतं तर? बाप गोंड, आई कुठलीही, मुलगा नागपुरात वाढलेला, गोंडीचा एक शब्द येत नाही, गावचा पेन, म्हणजे देव, कुठे बसतो माहीत नाही. त्याचा दाखला विनातक्रार निघतो. त्यालाही मिळावा, माझी हरकत नाही. माझी हरकत त्या मापाला आहे.

हे माप फक्त आपल्याकडचं नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात थायलंडातल्या उदोन, उबोन, कोराट इथल्या तळांवर अमेरिकी फौजा होत्या. त्या काळात थाई बायकांना झालेल्या सैनिकांच्या मुलांना समाजानं हिणवलं, आईच्या चारित्र्याची खूण म्हणून बघितलं. वीसेक वर्षांत वारं फिरलं. जाहिराती, मालिका, गाणी यांना गोरा, नाकेला, अर्धा पाश्चात्त्य चेहरा हवा झाला आणि तसली मुलं एकदम देखणी ठरली. ज्यांचे बाप कृष्णवर्णी होते, त्यांच्या वाट्याला हे कौतुक सहसा आलं नाही. साहेबाच्या पोराचे गाल आणि मुन्शाच्या पोराचं ते वाक्य आठवा. आपली एटापल्ली आणि उदोन यांत मला तरी फारसं अंतर दिसत नाही.

थायलंडच्या कायद्यानं १९९२ मध्ये एक गोष्ट सरळ केली. बाप किंवा आई, दोघांपैकी कुणीही एक थाई असेल तर मूल थाई. त्याच वर्षी आपल्या संसदेनंही नागरिकत्व कायदा बदलला. तोवर परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशानं भारतीय नागरिकत्व हवं तर बाप भारतीय असावा लागे; १० डिसेंबर १९९२ पासून आई भारतीय असली तरी चालतं. म्हणजे आई आपल्या लेकराला अख्खा देश देऊ शकते, पण गोंड असल्याचा कागद द्यायला गेली की आधी नवरा शोधला जातो.

न्यायालयानं हे ओळखलं आहे. गुजरातच्या रमेशभाई दाभाई नायका यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१२ मध्ये निकाल दिला. आई आदिवासी आणि बाप बिगर-आदिवासी असेल तर मूल बापाच्या जातीचं, हे गृहीत धरता येईल; पण ते खोडून काढायची संधी मुलाला दिलीच पाहिजे. आईनं वाढवलं का, आईच्या समाजानं आपलं मानलं का, त्या समाजाच्या वाट्याला येणारी वंचना आणि अपमान त्याच्याही वाट्याला आले का, हे पुराव्यानिशी बघायला हवं. निकाल चांगला आहे. पण माझ्यासारख्या आजीला त्यातला हा शेवटचा मुद्दा टोचतो. आता नातीचे अपमान मी कुठे लिहून ठेवू? बसमधल्या बाईची सही कुठून आणू?

आईच्या नावाचं म्हणाल तर गेल्या काही वर्षांत ते कागदावर यायला लागलं आहे. अविवाहित आईनं नुसतं प्रतिज्ञापत्र दिलं तरी बाळाचा जन्मदाखला द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आधी, मग बापाचं, मग आडनाव, असा निर्णय महाराष्ट्र सरकारनं केला. उत्तम. पण नाव आलं म्हणून वंशावळीत आई आली असं होत नाही.

आता आमच्या समाजाकडे वळते, कारण सरकारला बोलणं सोपं असतं. आम्हा गोंडांत चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी विभागणी आहे. सोयरीक कुठे होईल आणि कुठे नाही, पेनाच्या पूजेला कोण कुठे बसेल, सगळं त्यावर चालतं. हे देवही बापाकडून येतात. मग बाप गोंड नसेल तर पोराचे देव कोणते? पुष्कळ गावांत उत्तर एकच: नाही. मुलगी परजातीत गेली, तिचा हक्क संपला, तिचं पोर पाहुणं. मुलगा परजातीची बायको घेऊन आला, तर दंड भरून, जेवण घालून त्याला आत घेतलेलं मी पाहिलं आहे. मुलीसाठी असा दंडसुद्धा ठरलेला नाही.

हेच लोक दर २४ जूनला राणी दुर्गावतीच्या फोटोला हार घालतात. तिथे मीही असते. दुर्गावती चंदेल राजपूत घराण्यातली, नवरा दलपतशाह गोंड. त्यांचा मुलगा वीरनारायण मोगलांशी लढताना मारला गेला. त्याच्या गोंडपणाबद्दल आजवर कुणी शंका घेतल्याचं मी ऐकलं नाही. बाप गोंड होता ना! आणि आदिवासींचे इंग्रज अभ्यासक व्हेरिअर एल्विन? जुन्या मंडला भागात त्यांनी १९४० मध्ये कोसी नावाच्या गोंड मुलीशी लग्न केलं, १९४९ मध्ये ते मोडलं. एल्विन यांना १९६१ मध्ये पद्मभूषण मिळालं, त्यांची पुस्तकं आजही अभ्यासाला असतात. त्या संसारातली मुलं पुढे कशी जगली, हे गोंडांवर भाषणं देणाऱ्यांना विचारून बघा.

आमच्या लोकांची भीती खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, म्हणून बायको आदिवासी करायची आणि सातबारा तिच्या नावावर चढवायचा. राखीव जागेवर तिला सरपंच करायचं आणि शिक्के आपण मारायचे. असे जावई प्रत्येक तालुक्याला दोन-चार माहीत असतात. अनेकदा त्यांच्या मूळ गावी पहिला संसारही असतो. यांना आवर घालायला हवा, आणि कडक. पण ती लबाडी बापाची. तिची चौकशी तहसीलदारानं त्या जमिनीच्या व्यवहारात करावी, बारावीच्या पोरीच्या फाइलमध्ये नव्हे. लबाड बापाचा राग पोरावर काढायचा आणि लबाड बापाला जत्रेत पुढच्या रांगेत बसवायचं, हे आमच्याच गावांत घडतं.

जात-पडताळणी समितीनं काय करावं? नायका खटल्याचा निकाल त्यांच्यासमोर आहे, तो वाचावा. गृहचौकशीला दक्षता पथक येतं तेव्हा ते बापाच्या गावी जातं. त्यानं आईच्या गावीही जावं. मूल कुठे निजलं, कुठल्या शाळेत गेलं, आजारी पडलं तेव्हा कुणी खांद्यावर घेऊन दवाखाना गाठला, हे गावात विचारलं की अर्ध्या तासात कळतं. लपवायची सोय आमच्या गावांत नसते.

आणि समाजाच्या पुढाऱ्यांना, पाटलांना, गावपुजाऱ्यांना माझं सांगणं आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानं आपल्या रूढी-परंपरा जपायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. रूढी जपणं म्हणजे ती गोठवणं नव्हे. इलाक्यातली गावं एकत्र बसून आपण लग्नातली दारू, डीजे यांवर ठराव करतोच. तसाच हाही करा: ज्या लेकराला आईनं आपल्या गावात, आपल्या माणसांत वाढवलं, त्याचे देव आईचे. ठराव मराठीत लिहा, तारीख टाका, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या आणि नक्कल आईच्या हातात द्या. समितीवर तो बंधनकारक नसेल, पण ‘समाजानं आपलं मानलं का’ या प्रश्नाला त्याहून चांगला पुरावा दुसरा नाही.